घड्याळाचा पाळणा

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला आपांचाच राग येईल, कारण त्या आहेतच तशा. जुन्या पनवेलमध्ये, एसटी स्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या दारातच हातभर रुंदीचं टेबल टाकून त्या घड्याळं दुरुस्त करत. तीस वर्षं त्या तिथे बसल्या. आता बसत नाहीत, आणि ते माझ्यामुळे.

आपा माणसांना नावाने हाक मारत नसत. कुठून आलात, एवढंच विचारत आणि पुढे तेच तुमचं नाव. "ए उरण, तुझा पट्टा झाला." "ओ तक्का, काच मिळत नाही, घेऊन जा आपलं." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुठनं?" मी म्हणालो, "खांदा कॉलनी." त्या दिवसापासून मी खांदा कॉलनी झालो. माझ्या वयाच्या, डोक्यावरचे केस विरळ झालेल्या माणसाला भर गल्लीत कुणीतरी "ओ खांदा कॉलनी" म्हणून पुकारावं, हे मला पहिल्या मिनिटालाच खटकलं होतं.

साठीच्या आसपासची, काटक बाई. डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली ओढणी, उजव्या डोळ्याला भिंग. ते भिंग त्या बोलतानाही काढत नसत. त्यामुळे समोरच्याला वाटे की आपल्याकडे एकाच डोळ्याने आणि तेही तिरक्या नजरेने पाहिलं जातंय. टेबलावर काचेची छोटी झाकणं ओळीने पालथी घातलेली, प्रत्येकाखाली एकेक उघडलेलं घड्याळ. त्या झाकणांवरून कुणाचा हात गेला, की त्या चिमट्याच्या मागच्या टोकाने त्या हातावर टोचत. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी.

मी नेलेलं घड्याळ वडिलांचं होतं. चावी द्यावी न लागणारं, हाताच्या हालचालीवर चालणारं, ज्याला लोक ऑटोमॅटिक म्हणतात ते. न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरी लागल्यावर वडिलांनी ते घेतलं आणि जाईपर्यंत हातातून उतरवलं नाही. त्यांच्या हातात ते कधी बंद पडल्याचं मला आठवत नाही. ते गेल्यावर आईने माझ्या हातात बांधलं आणि महिन्याभरातच ते सकाळी थांबलेलं सापडू लागलं. आई फक्त मनगटाकडे बघायची. घड्याळ चालू ठेवणं ही माझ्या दृष्टीने वडिलांनी माझ्यावर सोपवलेली शेवटची जबाबदारी होती आणि ती मला झेपत नव्हती.

"काय होतंय?" आपांनी विचारलं.

"बंद पडतं. सकाळी उठून बघतो तर कधी साडेतीनला थांबलेलं, कधी पाचला."

"ते किती वाजता थांबतं ते नाही विचारलं. तुम्ही दिवसभर काय करता?"

"ऑफिस. पनवेलमध्येच. बंदरात येणाऱ्या कंटेनरचे कागद करतो."

"बसून?"

"बसूनच."

"ऑफिसला जाता कसे?"

"गाडीने."

"ते बांधा हातात. तो समोर केळीवाला दिसतो? त्याच्यापर्यंत चालत जा आणि परत या."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ती त्यांची रीत होती. हातावर चालणारं घड्याळ आलं, की त्या आधी ते उघडत नसत. आधी माणसाला चालायला लावत. मी निघालो. गल्लीत बऱ्यापैकी गर्दी होती. दहा पावलं गेलो असेन, मागून आवाज आला, "ओ खांदा कॉलनी, खिशातून हात काढा! लग्नात मिरवताय काय?" केळीवाला हसला. त्याला हे रोजचंच असावं. मी शाळेतल्या कवायतीसारखे हात हलवत परत आलो.

"घड्याळ जिवंत आहे," आपा म्हणाल्या. "हात मेलाय तुमचा."

दुकानातली दोन-तीन माणसं हसली. त्यांत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. चष्म्याचा नंबर काढायला आले होते. "अहो, बाईंनी बरोबर पकडलं तुम्हाला," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. घरी येईपर्यंत ती थाप माझ्या पाठीवर तशीच होती. पुढच्या सगळ्याचं मूळ मी त्या केळीवाल्यापर्यंतच्या चालण्यात शोधतो, कारण ते माझं खरं कारण आहे. ते पुरेसं कारण नाही, हे मला ठाऊक आहे.

आपांनी घड्याळ ठेवून घेतलं. आतलं तेल सुकलंय, साफ करून देते, म्हणाल्या. "पण त्याने तुमचा हात हलणार नाही, हे आत्ताच सांगते." कधी मिळेल, असं विचारलं तर म्हणाल्या, "झालं की फोन करीन. विचारायला येऊ नका. तुम्ही आलात की माझं काम थांबतं." गिऱ्हाइकाशी इतकं तोडून बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तरी लोक येत. खोपोलीहून, अलिबागहून येत. दुखऱ्या दाढेला हात घालणाऱ्या डॉक्टरकडे बसावं तसे गप्प बसून असत.

बारा दिवसांनी फोन आला. घेऊन गेलो तेव्हा त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, मग माझ्या पुढ्यात ठेवलं. "चावी पूर्ण भरून दिलीय. दोन दिवस पडून राहिलं तरी चालेल. पुढे तुम्ही चालायचं. नाहीच जमत, तर रोज सकाळी वीस वेळा चावी द्या हाताने."

इथे मला माझं घोडं पुढे दामटायचं होतं. मी म्हणालो, "मी वाइंडर मागवलाय. पेटी असते. आत घड्याळ ठेवलं की ती त्याला फिरवत राहते."

"पाळणा!" आपा म्हणाल्या. भिंग लावलेला डोळा माझ्यावर रोखला. "माणसाने बूड हलवायचं नाही आणि घड्याळाला पाळण्यात घालायचं. वा. आणा तो पाळणा इकडे. कुठल्या अंगाला झुलवायचं आणि किती, ते मी लावून देते."

"त्याच्याबरोबर पुस्तिका येते. मी बघून घेईन."

"पुस्तिकेने तुमचं घड्याळ उघडून बघितलंय काय? सगळी मशीन सारखी नसतात. आणा इकडे."

"बघून घेईन म्हणालो ना," असं म्हणून मी निघालो. पाठीमागे त्या काहीतरी बोलत होत्या. मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकायचंच नाही असं ठरवून चाललो, हात मुद्दाम खिशात घालून.

पेटी छान होती. काळी, चकचकीत, पुढे काच. देवघराशेजारच्या फळीवर ठेवली, कारण प्लग तिथेच होता. तिच्या मागे दोन खटके. एक दिशेचा: उजवीकडे, डावीकडे, दोन्हीकडे. दुसरा दिवसाला किती फेरे मारायचे त्याचा, साडेसहाशेपासून पुढे चार आकडे. पुस्तिकेत घड्याळांच्या नावांचा तक्ता होता आणि प्रत्येकापुढे दिशा आणि फेरे दिलेले होते. वडिलांचं घड्याळ त्या तक्त्यात नव्हतं. इतकं जुनं कुठून असणार?

मग मी माझं डोकं चालवलं. घड्याळाचे काटे उजवीकडे फिरतात. देवाला प्रदक्षिणाही आपण त्याच अंगाने घालतो. आरतीचं तबक तसंच ओवाळतो. उलटी दिशा अशुभाची, असं लहानपणापासून मनात बसलेलं. शिवाय पेटी देवघराला लागून. मी खटका उजवीकडे केला. 'दोन्हीकडे' ठेवलं असतं तरी निभावलं असतं, पण ते मला धरसोडीचं वाटलं. फेऱ्यांचा खटका शेवटच्या आकड्यावर नेला. जास्त फिरलं म्हणजे जास्त चावी बसेल, असा साधा हिशेब. बायको म्हणाली, "इतकं गरगरवू नका हो, चक्कर येईल त्याला." पेटी घरघरत फिरू लागली. आई येऊन समोर खुर्ची टाकून बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ बंद होतं. पेटी फिरत होती आणि आत वडिलांचं घड्याळ मेल्यासारखं गोल गोल जात होतं. आई उठून आत गेली.

मी ते हायवेजवळच्या मॉलमधल्या एका घड्याळाच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने मागचं झाकण उघडून आतली बाजू मोठ्या पडद्यावर दाखवली. झाकणाच्या आतून बारीक ओरखडे होते, रेघा, काहीतरी गिचमिड. "सर, हे बघा, किती वेळा उघडलंय. आतलं काय ओरिजिनल राहिलंय, सांगता येत नाही." त्याचे शब्द मला नेमके आठवतात. तो 'सांगता येत नाही' म्हणाला होता. मी त्या ओरखड्यांचा फोटो काढून घेतला.

तिथून थेट आपांकडे गेलो. टेबलासमोर दोन बायका आणि एक म्हातारा होता. मी फोन आपांच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे? काय काढून घेतलंत तुम्ही आतलं?"

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "चोरी म्हणताय?"

"घड्याळ दोन दिवसांत बंद पडलं."

"पाळण्यात होतं?"

"पाळण्याचा काय संबंध?"

"पाळणा आणा इथे. आत्ता. या सगळ्यांसमोर लावून दाखवा, मग बोला."

"मी काही आणणार नाही. तुम्ही उत्तर द्या."

"उत्तर पाळण्यात आहे, ते तुम्हाला आणायचं नाही. मग चला, निघा. सावली पडतेय माझ्या कामावर."

समोरची एक बाई उठून गेली. ती गेली हे आपांनी पाहिलं आणि मीही पाहिलं. मला तेव्हा बरं वाटलं.

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. गल्लीचं नाव, चष्म्याच्या दुकानाचं नाव, "तिथे बसणाऱ्या घड्याळवाल्या बाईने माझ्या दिवंगत वडिलांच्या घड्याळातले मूळ भाग काढून घेतले, कुणीही जाऊ नये, पुरावा सोबत." ओरखड्यांचा फोटो जोडला. मॉलमधला माणूस म्हणाला होता, सांगता येत नाही. मी सांगून टाकलं. 'दिवंगत' हा शब्दही मी विचार करून घातला होता.

भराभर उत्तरं आली. "अरेरे." "अशांना सोडू नका." "फॉरवर्ड करतोय." मग सेक्रेटरींनी लिहिलं, "त्या लोकांकडे गेलातच कशाला?"

आपा मुसलमान होत्या. माझ्या तक्रारीत ही गोष्ट कुठेच नव्हती, माझ्या रागातही नव्हती. सेक्रेटरींच्या त्या एका ओळीने ती आली. "माझा तो मुद्दा नाही" एवढं मला लिहिता आलं असतं. पण जो माणूस माझ्या पाठीवर थाप मारून मला हसला होता, तो आता माझ्या बाजूने बोलत होता. मी त्या ओळीखाली अंगठा उमटवला. होय म्हणणारा, वर केलेला अंगठा. एक सेकंदही लागला नाही त्याला.

ते चैत्रात झालं. श्रावणात, गणपतीच्या आधी बायकोने फळी पुसायला पेटी उचलली, मागून फडका फिरवला आणि परत ठेवली. मॉलमधून आणलेलं घड्याळ मी पुन्हा तिच्यातच ठेवून दिलं होतं, ते तोवर बाहेर काढलंही नव्हतं. पेटी नुसती देखाव्याला फिरत असायची. तिसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तुमचं घड्याळ चालू झालं की!" मी पेटी फिरवून मागे पाहिलं. फडक्याने दिशेचा खटका डावीकडे सरकला होता.

मी ते मान्य करायला आठवडा घेतला. पुन्हा उजवीकडे केलं, तिसऱ्या दिवशी बंद. डावीकडे केलं, चालू. फेरे सगळ्यात कमी केले, तरी चालू आणि वेळही बिनचूक. कागदावर तारखा लिहून ठेवल्या, ऑफिसात ठेवतो तशा. त्या मशीनला एकाच अंगाने चावी बसत होती आणि मी ते दुसऱ्या अंगाने, जमेल तितकं जोरात फिरवत होतो. आपांनी घड्याळाला काहीही केलं नव्हतं. नीट करून दिलं होतं, इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच गेलात का? नाही गेलो. गणपती होऊ देत, म्हटलं. मग पितृपक्ष आला. मग म्हटलं, दिवाळीत मिठाई घेऊन जाऊ, म्हणजे बोलायला सोपं पडेल. दिवाळीत मिठाई आणलीही. ती आम्हीच खाल्ली. ग्रुपवरचं ते लिखाण चार महिन्यांनी काढून टाकताही येईना, आणि खोटं कशाला सांगू, मी फार प्रयत्नही केला नाही. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटायचे. विचारायचे, "काय, घड्याळ चालतंय ना आता?" मी म्हणायचो, "हो, करून घेतलं." कुणाकडून ते सांगत नसे. बाही मनगटावर ओढून घेत असे.

दिवाळीनंतर सोसायटीत नवीन राहायला आलेल्या एकाने ग्रुपवर विचारलं, पनवेलमध्ये घड्याळ दुरुस्तीला कुणी चांगलं आहे का. दोन मिनिटांत सेक्रेटरींनी माझाच फोटो, माझाच मजकूर पुन्हा टाकला. वर लिहिलं, "हिच्याकडे तेवढं जाऊ नका. आपल्या माणसाला फसवलंय." आपला माणूस म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गल्लीत गेलो. आपांच्या टेबलाच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचा स्टँड होता.

"आपा कुठायत?" मी चष्मेवाल्यांना विचारलं.

त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. ओळखलं असावं. "बसत नाहीत त्या आता. लोक यायचे, फोनवर फोटो दाखवायचे, विचारायचे, ही तीच का? काही नको नको ते बोलायचे. दोघांनी तर त्यांच्या टेबलासमोर उभं राहून व्हिडिओ काढला. मलाच म्हणावं लागलं, आपा, थोडे दिवस राहू द्या."

"थोडे दिवस म्हणजे?"

"रमझान ईदनंतर गेल्या. आता दिवाळी झाली. तुम्हीच बघा." मग त्यांनी मोहल्ल्यातलं घर सांगितलं. सांगताना म्हणाले, "पण सांभाळून जा हां. ऐकून घ्यावं लागेल."

मी घरी गेलो, पेटी पिशवीत घातली आणि चालत निघालो. जिना अरुंद होता. वरच्या खोलीत खिडकीशी तेच टेबल, तीच काचेची झाकणं. पण झाकणांखाली फक्त दोन घड्याळं. आपांनी आधी माझं मनगट पाहिलं, मग तोंड.

"खांदा कॉलनी," त्या म्हणाल्या. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत.

"आपा, पाळणा आणलाय," मी म्हणालो. सकाळपासून पाठ केलेलं सगळं विसरून हेच तोंडातून निघालं.

त्यांनी पेटी घेतली, उलटी करून मागे बघितलं. "तेव्हा खटका कुठे होता?"

"उजवीकडे."

"का?"

"काटे उजवीकडे फिरतात म्हणून. आणि... प्रदक्षिणा तशी घालतात म्हणून."

"देवाला घालतात तशी घड्याळाला घातलीत?"

"हो."

मला वाटलं, आता हसतील. हसल्या असत्या तर माझं अर्धं ओझं उतरलं असतं. त्या हसल्या नाहीत.

"आणि फेरे?"

"सगळ्यात जास्त."

"म्हणजे उलट्या अंगाला, आणि होईल तितकं." त्यांनी पेटी बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. "घड्याळ द्या."

मागचं झाकण उघडून ते त्यांनी मला उजेडात धरायला लावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "हे तुमचे ओरखडे. फोटो काढलात ना जगाला दाखवायला? नीट बघा. वर वाटीसारखं उर्दू अक्षर आहे, आत ठिपका. ती माझ्या बापाची खूण. घड्याळ उघडून काम केलं, की कारागीर आतून खूण करतो, पुढच्याला कळावं म्हणून. तेव्हा मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. खाली उभी रेघ आहे ती माझी. तिला आडव्या रेघा किती?"

"चार."

"चारदा आलंय माझ्याकडे. तीनदा तुमच्या वडिलांनी आणलं. बंदरातून सुटून चालत यायचे स्टँडवरून. बंद पडलं म्हणून कधी नाही आणलं त्यांनी. चालू असताना आणायचे, साफ करा म्हणायचे. चौथी रेघ यंदाची. तुम्ही आणलंत ती."

मी भिंग डोळ्याला लावून उभा राहिलो. ज्या रेघांना मी पुरावा म्हटलं होतं, त्या वडिलांच्या तीन खेपा होत्या. या गल्लीत ते येत होते, हे मला माहीतही नव्हतं.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"चोर म्हणून उभं केल्यावर तुमच्या बापाच्या गोष्टी सांगू तुम्हाला?"

"आपा, माफ करा. माझं फार..."

"इथे नको. इथे मी एकटी आहे. मला माहीतच आहे मी काही घेतलं नाही ते. जिथे बोंबललात, तिथे सांगा."

मी फोन काढला, तिथेच उभ्याने लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्या मराठी शाळेत शिकलेल्या. एकेक शब्द बोटाने वाचत होत्या. "'गैरसमज झाला.' काढा हे. समज तुमचीच होती, झाला कुठून?" मी काढलं. "'नकळत.' हेही काढा. मी म्हटलं होतं पाळणा आणा, दोनदा म्हटलं होतं." काढलं. "'थोर कारागीर.' हे कोण? मला शिव्या देताना नाव नव्हतं, आता थोर नको." काढता काढता मजकूर चार ओळींचा राहिला. मग त्या थांबल्या. "एक राहिलं."

मला ठाऊक होतं काय राहिलं ते. मला वाटलं होतं, त्यांना ते ठाऊक नसेल.

"तुम्ही चोर म्हटलंत त्याचं मला इतकं नाही वाटलं," आपा म्हणाल्या. "चोर म्हणणारी गिऱ्हाइकं पाहिलीत मी. घड्याळ चालू झालं की येतात परत तोंड लपवत. पण त्याच्याखाली जे लिहिलंय, 'त्या लोकांकडे', त्यावर तुमचा अंगठा आहे. एका गिऱ्हाइकाने दाखवलं मला. त्याने माझी गिऱ्हाइकं यायची बंद झाली, टेबल उठलं. त्याचं काय लिहिणार? कुठला खटका चुकला होता तेव्हा?"

मी त्यांच्यासमोर शेवटच्या ओळी लिहिल्या. त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. घड्याळाचं झाकण बसवून परत दिलं. नवीन खूण केली नाही. "आज काम काही केलेलं नाही," म्हणाल्या. "पाळणा घेऊन जा. चालत आलात ना? चालतंय तेवढ्याने." जिन्यात मी वळलो तेव्हा त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"सुधीर."

त्यांनी मान हलवली आणि भिंग डोळ्याला लावलं. पेटी आता आमच्या माळ्यावर आहे. ऑफिसला मी चालत जातो, खिशातून हात काढून. आई मनगटाकडे बघते आणि दुसरीकडे बघते. सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. त्या संध्याकाळी, आपांच्या जिन्याखाली उभं राहून मी ग्रुपवर जे पाठवलं, ते असं:

"मी सुधीर, बी विंग. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या घड्याळवाल्या आपांबद्दल मी चैत्रात इथे जे लिहिलं, ते खोटं आहे. त्यांनी माझ्या घड्याळातलं काहीही काढलेलं नाही. मी घरच्या पेटीचा खटका उलट्या दिशेला ठेवला, म्हणून घड्याळ बंद पडलं. हे मला गणपतीच्या आधीपासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो. फोटोतल्या रेघा चोरीच्या नाहीत, त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी केलेल्या कामाच्या खुणा आहेत. माझ्या लिखाणाखाली 'त्या लोकांकडे' असं जे लिहिलं गेलं, त्यावरचा अंगठा माझा आहे. तो चुकून लागलेला नाही. मी तो लावला. त्याची मला लाज वाटते. मी आपांची माफी मागतो. त्या आता घरी काम करतात. त्यांचा पत्ता मला माहीत आहे, पण तो इथे द्यायला त्यांनी मला मनाई केली आहे."